बारा वाजताचं पाणी

काल दुपारी शेजारच्या मास्तरांनी माळ्यावरून कूलर काढला. ताट्यांमधलं जुनं गवत उचकटून अंगणात टाकलं, नवं भरलं आणि मोटार चालते का बघायला वरून बादलीभर पाणी ओतलं. ओल्या गवताचा वास भिंतीवरून आमच्या घरात आला. परभणी जिल्ह्यात वाढलेल्या कुणालाही हा वास आवडतो. शाळेला सुट्टी लागल्याचा, फरशीवर पालथं पडून टरबूज खाण्याचा, दुपारच्या जड झोपेचा तो वास. मलाही आवडायचा. काल मात्र मी उठून खिडकी लावून घेतली.

खिडकी लावली तरी उन्हाळा थोडाच बाहेर राहतो. चैत्र लागला की आमच्या गावात अकरानंतर रस्ते ओस पडायला लागतात. कुत्री गटारीच्या ओलीत अंग पसरतात. शेळ्या उभ्या ट्रकच्या सावलीत जाऊन बसतात आणि ट्रक निघाला की उठून दुसरा ट्रक शोधतात. बाया डोक्यावरून पदर घेऊन वर दस्ती बांधतात. बाहेर निघालेल्या माणसाच्या खिशात घरची म्हातारी कांदा घालते. दुकानदार शटर अर्धं ओढून आत अंधारात बसतो, गिऱ्हाईक आलं तर नुसता आवाज देतो. दुपारी दोनच्या सुमारास गाव इतकं गप्प होतं की कडुलिंबाची वाळली पानं डांबरावर घासत गेलेली ऐकू येतात.

त्या वर्षीचा उन्हाळा मी असा ऐकला नाही, पाहिलाही नाही. तो मी पडद्यावर पाहिला, अंगावर शाल घेऊन.

आमचं गाव तालुक्याचं. नाव सांगत नाही, कारण यात कुणाला चव्हाट्यावर आणायचं नाहीये. वरून एक योजना आली होती. शहर हुशार करायचं आणि त्यातून निघणारा कार्बन कमी करायचा. गावाबाहेर पाणी शुद्ध करायच्या केंद्राशेजारी सौर पत्र्यांचं एक रान उभं राहिलं. दिव्यांना, पंपांना, कचऱ्याच्या गाड्यांना यंत्रं बसली, आणि या सगळ्यांचे आकडे एका खोलीत भिंतभर पडद्यावर यायला लागले. त्या खोलीला नियंत्रण कक्ष म्हणायचे. कॉम्प्युटरची पदवी होती म्हणून मला तिथं कंत्राटावर काम मिळालं. मशीन तापू नयेत म्हणून खोली फार गार ठेवलेली असे. म्हणून ती शाल.

पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवं पान होतं. त्या दिवशी गावानं किती कार्बन वाचवला त्याप्रमाणे ते देठापासून भरत जायचं. सकाळी रिकामं, संध्याकाळपर्यंत भरलेलं. सुरुवातीला मला त्या पानाचं खरोखर कौतुक होतं, आणि ते खोटं पान नव्हतं. नको तिथं रात्रभर जळणारे दिवे मंद झाले होते. रिकाम्या फिरणाऱ्या गाड्या थांबल्या होत्या. माझ्या लहानपणी बाबा म्हणायचे की पूर्वी उन्हाळा असा नव्हता, आणि आता मीच माझ्या मुलीला तसं सांगते. हे ऊन कुठून येतंय ते मी वाचलेलं होतं. ते कमी करायच्या कामात आपला हात लागतोय याचं समाधान होतं. आमचे पाणीपुरवठ्याचे साहेब तर या कामानं झपाटलेलेच होते. ते बोरीकडचे. त्यांच्या वडलांची विहीर आटली ती परत भरली नाही. एकदा चहा पिताना ते मला म्हणाले होते की माझी नोकरी सुटली तरी चालेल, पण हे गाव करून दाखवायचंय. माणूस वाईट नव्हता. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं जे झालं ते वाईट माणसांनी केलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

पाण्याचं गणित असं होतं. सगळ्यात जास्त वीज पाण्याचे पंप खातात. पूर्वी ते पहाटे चालायचे, कोळशाच्या विजेवर. आता ते दुपारी, ऊन भरात असताना सौर विजेवर चालवायचे. नव्या वसाहतींना याची काहीच अडचण नव्हती. त्यांच्या उंच टाक्या दुपारी भरायच्या आणि पाणी नेहमीसारखं सकाळी सुटायचं. जुन्या भागाची टाकी मात्र धोकादायक ठरवून पाडली होती, नवी बांधायची होती. तोवर त्या भागाला पंपातून थेट पाणी जायचं. म्हणजे पंप बारा वाजता चालला की नळही बारालाच येणार.

ही वेळ मशीननं काढून दिली, साहेबांनी मान्य केली, आणि मी ती पडद्यावर भरली. होळी होऊन थोडे दिवस झाले होते. बारा ते अडीच. बटण दाबलं तेव्हा माझ्या मनात काही आलं नाही. खरं म्हणजे यायला हवं होतं, कारण जुना भाग म्हणजे आमचं भीमनगर. मी तिथंच जन्मले, वाढले. बाबा शाळेत मास्तर होते, त्यांनी निवृत्तीनंतर नव्या वसाहतीत घर बांधलं. माझं लग्नही त्याच वसाहतीत झालं. घराखाली हौद, वर टाकी. आमच्या घरी नळ नेमका किती वाजता येतो हे मला कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

भीमनगरात नळाच्या वेळेवर सगळा दिवस बांधलेला असायचा. लहानपणी पहाटे पाचला जाग यायची ती घागरींच्या आवाजानं. आमच्या गल्लीच्या शेवटच्या घरात कौसामावशी राहायची. नात्यानं ती आमची कुणी नव्हती. माझ्या जन्मानंतर आई आजारी पडली तेव्हा हिनं मला सांभाळलं, म्हणून मावशी. तिचा नवरा लवकर गेला. ती दुसऱ्यांच्या शेतात निंदण-खुरपण करून राहिली आणि मुलीला, रेखाला, तिनं दहावीपर्यंत शिकवलं. रेखा माझ्याच वर्गात होती. आम्ही दोघी एकाच चिमणीच्या उजेडात अभ्यास करायचो, आणि मावशी शेजारी बसून आम्ही मोठ्यानं वाचलेलं ऐकायची. तिला अक्षर येत नव्हतं, पण आम्ही एखादी ओळ गाळली तर तिला कळायचं. रेखाचं लग्न चुडाव्याला झालं, टिकलं नाही. ती परत आली आणि कपड्याच्या दुकानात शिलाईला जायला लागली.

माझी नोकरी लागल्याचे पेढे घेऊन मी गेले तेव्हा मावशीनं माझे दोन्ही हात हातात घेऊन बोटं निरखून पाहिली होती. या बोटानं मशीन चालवती व्हय, असं तिनं विचारलं होतं. नंतर कामाच्या गडबडीत माझं भीमनगरात जाणं कमी झालं, आणि मग जवळजवळ बंदच झालं.

त्या भागाचं पाणी गफूरचाचा सोडायचे. आयुष्यभर त्यांनी हेच काम केलं. लांब लोखंडी चावी सायकलला बांधून ते गल्लोगल्ली जायचे, रस्त्यातलं झाकण उचलून चावी फिरवायचे. कोणत्या गल्लीत पाणी कुठवर पोचलं हे ते पाइपाला कान लावून सांगायचे. नवी यंत्रं आल्यावर अर्ध्या चाव्या आपोआप फिरायला लागल्या, तरी जुन्या भागात त्यांचं काम उरलं होतं.

एप्रिलच्या मध्याला ते माझ्या खोलीत आले. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, आणि खोलीतल्या गारव्यानं अंगावर काटा आलेला. खुर्चीवर बसा म्हटलं तर बसले नाहीत. त्यांनी जे सांगितलं ते असं. पाणी दुपारी येतं, आणि पाइप उथळ असल्यानं आधी बराच वेळ उकळतं पाणी येतं. ते सोडून द्यावं लागतं. मग गल्लीच्या तोंडाशी गार पाणी लागतं. शेवटच्या घरांपर्यंत जोर पोचायला दीड वाजतो. तोवर बाया उन्हात उभ्या. पहाटे नळ यायचा तेव्हा घरातल्या तरण्या बाया पाणी भरून कामाला जायच्या. आता दुपारी त्या कामावर असतात, आणि घरात राहतात त्या म्हाताऱ्या. पाणी त्या भरतात.

मी चाचांना पडदा दाखवला. ॲपवर तक्रारींचा एक रकाना होता, वॉर्डाप्रमाणे. जुन्या भागापुढं शून्य होतं. मी म्हटलं, चाचा, लोकांना इतका त्रास असता तर एक तरी तक्रार आली असती ना. नव्या वसाहतीतून रोज दहा येतात, दिवा गेला, कुत्री भुंकतात.

चाचा त्या शून्याकडे बघत राहिले.

"बेटा," ते म्हणाले, "ह्याच्यात जे न्हाई आलं, ते बी बघत जा."

ते गेल्यावर मला थोडा राग आला, थोडी लाज वाटली. मी साहेबांकडे गेले. साहेबांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, कळतंय मला. पण मे अखेरीस वरून पाहणी पथक येणार आहे. पंपांची सगळी वेळ उन्हात बसली पाहिजे, तेवढा महिना-दीड महिना काढू. पथक खूश झालं की नव्या टाकीचं काम लगेच सुटेल आणि सगळा प्रश्नच मिटेल. हे म्हणणं चुकीचं होतं असं आजही मला म्हणता येत नाही.

तरी मी एक दिवस करून पाहिलं. साहेब बाहेरगावी होते, आणि एका दिवसापुरत्या बदलाला त्यांची मंजुरी लागत नव्हती. जुन्या भागाची वेळ मी पहाटे पाचला नेली. पानात फारसा फरक दिसला नाही. पण जिथं पंप उन्हाबाहेर चालतो तिथं पडद्यावर लाल ठिपका उमटायचा, तसा उमटला. तो ठिपका फक्त आमच्याच नाही, वरच्या कचेरीतल्या पडद्यावरही दिसायचा. दहाच्या आत वरून फोन आला, कोणी बदल केला, का केला. फोनवरचा मुलगा नम्रपणे बोलत होता. म्हणाला, मॅडम, पाहणीच्या तोंडावर ठिपके नकोत. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी परत बारा.

पुढं किती तरी वेळा मी तो हो आठवला आहे. मला कुणी धमकावलं नव्हतं. नोकरी जाईल असंही कुणी म्हणालं नव्हतं. मी चांगली कर्मचारी होते आणि चांगली राहायचं होतं, एवढंच.

मे उजाडला. दिवसेंदिवस आभाळ पांढरं पडत गेलं. माझ्या खोलीला खिडकी नव्हती. सकाळी ऊन चढायच्या आत माझ्या गाडीवर यायचे, संध्याकाळी ऊन उतरल्यावर जायचे. दुपारचं गाव मला पडद्यावर दिसायचं. चौकातला कॅमेरा, त्यात हलणारी तापलेली हवा, मधूनच एखादी रिक्षा. पंपाची निळी रेघ बाराला वर चढायची, अडीचला खाली यायची. जुन्या भागात लावलेलं मापक सांगायचं, दाब ठीक. रोज ठीक.

तो दिवस मंगळवार होता. ढगाचा ठिपूस नव्हता. दुपारी एकलाच पान जवळजवळ भरलं, इतकं लवकर ते कधीच भरलं नव्हतं. मी मोबाइलवर त्याचा फोटो काढून साहेबांना पाठवला. त्यांनी उलट शाबासकीचा अंगठा पाठवला. मी डबा उघडला, जेवले. दोनच्या पुढं चाचांचा फोन आला. ते दम लागल्यासारखं बोलत होते. कौसाबाई नळापाशी पडली, तिला दवाखान्यात नेलंय, तू ये.

बाहेर आले तेव्हा ऊन तोंडावर बसलं. गाडीची सीट इतकी तापलेली की शाल घडी करून खाली घातली.

सरकारी दवाखान्याच्या मोठ्या खोलीत दोन कूलर चालू होते. ओल्या गवताचा वास भरून राहिला होता. मावशीला ओल्या चादरीत गुंडाळलं होतं, काखेत बर्फ ठेवला होता. रेखा दुकानातून धावत आलेली, गळ्यात शिलाईची फीत तशीच, हातात पुठ्ठा घेऊन वारा घालत होती. मावशीची कातडी कोरडी होती. इतक्या उन्हात पडलेल्या माणसाला घामाचा थेंब नव्हता. ती काहीतरी बोलत होती, पण ते आमच्याशी नव्हतं. कुणाला तरी शेताच्या बांधावरून हाका मारत होती. मी तिचा तळपाय धरला आणि हात मागं घेतला. पायाला डांबर चिकटलं होतं. तिथली नर्स म्हणाली, चप्पल नव्हती का हिच्या पायात. शेजारीण म्हणाली, हाय की, पन नळाच्या वट्यावर चपला घालून कसं चढायचं.

डॉक्टरांनी परभणीला न्यायला सांगितलं. गाडी आली, रेखा आत बसली. मी मागून येते म्हणाले. मी माझी गाडी काढून गावाच्या वेशीपर्यंत गेले असेन, तेवढ्यात चाचांचा फोन आला, परत फिर. मावशी वाटेतच गेली.

संध्याकाळी मी कामावर परतले. का परतले माहीत नाही, डबा तिथं राहिला होता असं काहीतरी मनात होतं. खोली गारच होती. पान पूर्ण भरलेलं. त्या महिन्यातला आमचा सगळ्यात चांगला दिवस, असं खाली आपोआप लिहून आलं होतं.

साहेब आत आले. त्यांना कळलं होतं. मी जुन्या भागाची वेळ पहाटे पाचला नेली आणि खालच्या मंजुरीच्या चौकटीसाठी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पुढं येऊन स्वतःचा अंगठा टेकवला. दुसऱ्या दिवशी लाल ठिपका आला, फोन आला, तो साहेबांनी घेतला. पान पाहिलं. त्यात फरक शोधावा लागला. अख्ख्या भीमनगरचं पहाटेचं पाणी पानाच्या एका शिरेएवढंही नव्हतं.

हे मला सगळ्यात जास्त छळतं. ती कशासाठी उभी होती उन्हात? पृथ्वी वाचवायला म्हटलं तरी त्या वाचवण्यात तिचा वाटा इतका बारीक होता की तो नसता तरी कुणाच्या लक्षात आलं नसतं. आणि जे ऊन पुढच्या पिढ्यांना लागू नये म्हणून आम्ही ते सगळं उभं केलं, तेच तिच्या डोक्यावर रोज दीड तास धरलं. मी या विचाराच्या पुढं जाऊ शकत नाही. सौर पत्रे काढून टाका असं मला म्हणायचं नाही. पहाटेचा तो पंप कोळशावर चालतो हे मी विसरत नाही. पण वेळ ठरवताना त्या वेळेला कोण कुठं उभं असेल हा प्रश्न त्या मशीनला पडत नव्हता, आणि मला तो पडायला हवा होता. त्या गल्लीतली घरं मला एकेक करून माहीत होती.

जलदान विधीला मी गेले. मांडवात माणसं फार नव्हती, उन्हामुळं लोक लवकर आले आणि लवकर गेले. वंदना झाली, जेवणं झाली. रेखा भांडी गोळा करत होती, मी तिला मदत करायला लागले. शेवटी परात धुता धुता मी म्हटलं, रेखा, बाराची वेळ मी लावली होती. ते बटण माझ्या हाताचं. चाचांनी सांगूनही मी ती बदलली नाही.

तिनं परात उपडी ठेवली.

"आमाला ठाव व्हतं की," ती म्हणाली.

मग तिनं जे सांगितलं ते मी इथं तिच्या शब्दांत सगळं लिहू शकत नाही. पहिल्याच आठवड्यात बाया चिडल्या होत्या. दोघी-तिघींकडे फोन होते, तक्रार कशी करायची ते त्यांना माहीत होतं. मावशीनं त्यांना अडवलं. म्हणाली, आपली पोरगी हाय तिथं, मास्तरची. आपण कंप्लेंट केली तर तिच्यावर येईल. नवी नोकरी हाय तिची. काही दिवस कळ काढा, ती करील बरोबर.

"रोज म्हनायची," रेखा म्हणाली, "आज न्हाई तर उद्या येळ बदलंल बघ. एक दिस पाचला आलं बी व्हतं पानी. लय खूश झाली व्हती. म्हनली, बघ, तिनं आयकलं."

तिच्या आवाजात राग नव्हता. मी तो शोधत होते. तो असता तर मी त्याच्यापुढं मान खाली घालून बसले असते. ती पदरानं हात पुसत राहिली आणि मग आत जाऊन राहिलेली भाकरी माझ्यासाठी फडक्यात बांधून घेऊन आली. ती मी घरी नेली. रात्री कुणालाच जेवण गेलं नाही.

पथक ठरल्याप्रमाणे मे अखेरीस आलं. त्यांना गाव आवडलं. फुलांचे गुच्छ झाले, फोटो झाले, मोठ्या पडद्यावर निवडक दिवस दाखवले गेले. त्यात तो मंगळवारही होता. मी उठून बोलायला हवं होतं. मी मागच्या रांगेत बसून राहिले. साहेबांनी मात्र भाषणात मध्येच थांबून नव्या टाकीचा विषय काढला, दोनदा काढला. पुढच्या महिन्यात त्यांची बदली झाली, कशामुळं ते मला माहीत नाही. टाकीचे चार खांब उभे राहिले आणि काम थांबलं. त्यांच्या लोखंडी सळ्या वर तशाच आहेत, आता गंजून तांबड्या झालेल्या. गफूरचाचा निवृत्त झाले. ते मला बाजारात भेटतात, मुलीची चौकशी करतात, त्या उन्हाळ्याबद्दल एक शब्द काढत नाहीत.

त्यानंतर भीमनगरचं पाणी पहाटेच येत राहिलं. रोज एक लाल ठिपका. मीही तिथं जायला लागले, रविवारी वगैरे. बाया बोलतात, चहा करतात. गल्लीच्या शेवटच्या घरापाशी आलं की माझी पावलं आपोआप हळू होतात. रेखा आता पाचला उठून पाणी भरते, मग दुकानाला जाते. घरात ती एकटी असते. पूर्वी दोघींना लागायच्या तेवढ्याच घागरी ती अजून भरते. एकदा मी विचारलं, इतकं पाणी कशाला. सवय, म्हणाली.

यंदा पाडवा झाला आणि नवीन आदेश आला. ज्या गावांच्या पडद्यावर ठिपके आहेत, त्यांनी ते येत्या महिन्यात काढून टाकायचे. सगळे पंप उन्हात. अपवाद नाही. नव्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं, वेळ भरून ठेवा. ते तरुण आहेत, सभ्य आहेत. मी त्यांना मागचं सगळं सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाले, वाईट झालं, पण त्याची नोंद कुठं आहे का? मी म्हटलं, दवाखान्यात असेल. ते म्हणाले, आपल्याकडे आहे का?

आपल्याकडे नव्हती. दाब ठीक, तक्रारी शून्य, पान भरलेलं. एवढीच होती.

वेळ मी भरली नाही. भरणार नाही असं लिहून दिलं. त्यावर अजून काही आलेलं नाही. माझ्या जागी दुसरं कुणीही बसून ते काम दोन मिनिटांत करू शकतं, हे मला माहीत आहे. म्हणून गेल्या रविवारी मी रेखाकडे गेले आणि सगळं सांगितलं. म्हटलं, या वेळी तुम्ही गप्प बसू नका. माझी फिकीर करू नका. अर्ज करा.

तिनं दुकानातून हिशेबाचा आखीव कागद आणला होता. दारात बसून मी मजकूर सांगितला, तिनं लिहिला. तिचं अक्षर शाळेत होतं तसंच आहे, गोल, थोडं डावीकडे कललेलं. भीमनगरातील खाली सही करणारे आम्ही रहिवासी. दुपारी बारा वाजता पाणी सोडू नये. कारण. कारणापुढं ती थांबली. मग एकच ओळ लिहिली, आमच्या गल्लीत एक बाई नळापाशी ऊन लागून मेली आहे. त्याखाली बाया सह्या करायला जमल्या. काहींनी अंगठे उठवले.

पण त्याआधी, पहिली सही करायला कागद रेखाकडेच होता. तिनं एक नंबर टाकला आणि पुढं आईचं पूर्ण नाव लिहिलं. त्याखाली दोन नंबरला स्वतःचं.

मी म्हटलं, रेखा, असं चालत नाही गं. ते अर्ज बाद करतील.

"मला ठाव हाय," ती म्हणाली. "लिवू दे."

सोमवारी सकाळी मीच तो अर्ज कचेरीत घेऊन गेले. आवक-जावकच्या खिडकीवर माझ्या पुढं दोघं होते. माझी पाळी आली तशी कारकुनानं कागद ओढून घेतला, तो उलटून सह्या आहेत का एवढं पाहिलं, नंबर टाकला आणि नावं न वाचताच शिक्का मारला.